पुट्टीखालचे खिळे

पहिला खिळा पडला तेव्हा रत्नमालाला वाटलं, आपल्याच खिशातून काहीतरी सांडलं. ती ट्रकखाली बोऱ्यावर उताणी पडून तारेच्या ब्रशने चेसी घासत होती. डोळ्यांत गंजाची धूळ जाऊ नये म्हणून ओढणी कपाळापर्यंत ओढलेली. कानाजवळ टण्णकन वाजलं. तिने चाचपून खिळा उचलला, बाजूला टाकला आणि पुन्हा ब्रश चालवायला लागली. तेवढ्यात पुट्टीचा एक पापुद्रा सुटून तिच्या गळ्यावर पडला आणि त्यामागोमाग आणखी दोन खिळे.

मग मात्र तिने हात थांबवला.

ट्रक तिच्या बापाचा, चिंधूचा. पुढे नाक असलेली जुनी गाडी. तिच्यावर चिंधूने पवनीच्या राइस मिलचे तांदूळ वाहिले, कोंढा वाहिला, विटा वाहिल्या, आणि दर दसऱ्याला अख्ख्या वस्तीला बसवून नागपूरला दीक्षाभूमीवर नेलं. पंधरा वर्षांपूर्वी गाडी तलावाच्या पाळीवरून खाली गेली, त्यात चिंधूचा उजवा पाय कायमचा आखडला, आणि तेव्हापासून ती घरामागच्या पडीत उभी होती. नवरा गेल्यावर रत्नमाला जवाहरनगरच्या सरकारी फॅक्टरीत अनुकंपेवर लागली होती. गाड्या दुरुस्त करणाऱ्या विभागात तिची सगळी नोकरी गेली. मुलगी तृप्ती लग्न होऊन पुण्याला गेल्यावर तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि गावात, भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहायला आली. आल्याबरोबर तिने ठरवलं, बापाची गाडी चालू करायची. लोक हसले. हसू देत, म्हणाली.

महिनाभर ती गाडी खोलत होती. जुने जुगाड निघत होते आणि ती एकटीच हसत होती. रेडिएटरच्या पाइपाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. केबिनखाली सागाची पाचर. हेडलाइटच्या वायरीला चक्क चड्डीची नाडी. हे सगळं बापाचं काम होतं. आडरस्त्यात, कुठलं दुकान नाही, कुणी माणूस नाही, अशा वेळी हाताला लागेल ते बांधून घरी आणलेली गाडी. असल्या जुगाडाला कुणी नावं ठेवू नयेत. तो उघडा असतो, बघणाऱ्याला दिसतो.

हे खिळे दिसू नयेत म्हणून ठेवलेले होते.

तिने छन्नी लावून उरलेली पुट्टी उडवली. डाव्या बाजूच्या पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याचं टोक ज्या ब्रॅकेटात बसतं, तो ब्रॅकेट मधोमध चिरलेला होता. ही फट एवढी की बोट जावं. फटीत खिळे ठासलेले, सायकलच्या आऱ्यांचे तुकडे कोंबलेले, वरून वेल्डिंगचा एक थर फिरवलेला. तो थरही नंतर तुटलेला, आणि तुटल्यावर त्याच्यावर दुसरा थर मारून पुट्टी भरलेली, वर लाल रंग. लाल रंग अपघातानंतरचा. तो तिला आठवत होता, गाडी ओढून आणल्यावर तिच्या धाकट्या भावाने, अंकुशनेच मारला होता, गंज नको चढायला म्हणून.

तिने एक खिळा उजेडात धरला. खिळ्यावर निळा रंग होता.

ती बोऱ्यावरून सरपटत बाहेर आली आणि तिथेच जमिनीवर बसून राहिली. निळा रंग त्या दसऱ्याचा. गाडीला अपघात झाला त्याच्या आधी तीनेक आठवडे चिंधूने पेंटर बसवून अख्खी गाडी निळी करून घेतली होती. हा ब्रॅकेट खिळखिळा झाला म्हणून अंकुशला नवीन आणायला नागपूरला पाठवलं होतं. अंकुशने नवीन बसवला आणि मगच पेंटरने रंग दिला, असंच सगळ्यांना ठाऊक होतं. खिळ्यांवर निळा रंग उतरला होता, म्हणजे रंग देताना खिळे आत होते. नवीन ब्रॅकेट आलाच नव्हता. पाळीवर तो सुटला, पाटा मागे सरकला आणि गाडी डावीकडे ओढली गेली.

चिंधू दवाखान्याच्या खाटेवरून हेच सांगत होता. "गाडी डावीकडं ओढली बाई. मी झोपलो नव्हतो." आठ दिवस सांगत होता. कुणी ऐकलं नाही. साठीला टेकलेला माणूस, रात्रीची खेप, डोळा लागला असणार. गावाने त्याचं नावच 'झपकी डायवर' पाडलं. पानठेल्यावर तो दिसला की कुणीतरी विचारायचंच, "का जी चिंधूबुवा, जागे हा ना?" सुरुवातीला तो चिडायचा, काठी उगारायचा. मग चिडणं सोडलं. गेल्या दोनतीन वर्षांत तर तो स्वतःच म्हणायला लागला होता, "लागला असन बाई डोळा. वय झालं होतं ना."

मग रत्नमालाला दुसरी गोष्ट आठवली. त्या दसऱ्याला त्याच गाडीत ती स्वतः बसली होती. मांडीवर शिदोरी, शेजारी दहा वर्षांची तृप्ती, पांढरा फ्रॉक घातलेली. आजूबाजूला वस्तीतली म्हातारी माणसं, पोरं, बाया, उभं राहायला जागा नव्हती. एवढी माणसं नागपूरपर्यंत गेली आणि परत आली ती या खिळ्यांच्या भरवशावर.

तिने खिळे मुठीत धरले आणि चप्पल न घालताच रस्त्याकडे निघाली.

अंकुशचं वेल्डिंगचं दुकान पवनी रोडवर होतं. पत्र्याचं शेड, पुढे ग्रिल आणि गेट उभी केलेली. रोवण्याचे, भातलावणीचे दिवस, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी असायची, पण त्या दुपारी एकच ट्रॉली दारात होती. अंकुश खुर्चीवर बसून चहा पीत होता.

"ये बाई," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा. "चहा घेशीन?"

तिने मूठ त्याच्यासमोरच्या टेबलावर उघडली.

"हे काय हाय?"

"खिळे हाय," तो हसला. मग त्याने नीट पाहिलं. कप खाली ठेवताना चहा बशीत सांडला.

"कुठचे हाय ते सांग."

"बाई, ते..."

"कुठचे हाय?"

"त्याले पंधरा वर्सं झाले ना आता. कायले उकरून राहिली?"

"म्हणजे तुले माहीत हाय."

अंकुशने रस्त्याकडे पाहिलं, कुणी येत नव्हतं. "नागपूरले गेलो होतो मी," तो हळू आवाजात म्हणाला. "खरंच गेलो होतो, बाबासाहेबांची शपथ. सारा बाजार पालथा घातला, त्या गाडीचा ब्रॅकेट भेटलाच नाही. दसरा तोंडावर, इकडं बाबा पेंटर बसवून मोकळे. खाली हात आलो असतो त म्हटले असते, पोट्टं कामाचं नाही. नवीनच मशीन घेतलं होतं मी. म्हटलं, सध्या भागवून नेऊ, दसरा झाला की बदलवू."

"मग?"

"मग राहून गेलं."

"राहून गेलं?" रत्नमालाचा आवाज चढला. "सदऱ्याची गुंडी लावाची राहून जाते अंकुश. चुलीवरचं दूध उतरवाचं राहून जाते. त्या गाडीत कोण कोण बसलं होतं? तुही बायको बसली होती, पोटुशी होती तवा. माही तृप्ती बसली होती. अन् तू कुठं बसला होता? तू त मोटारसायकलनं गेला होता!"

"मले काय मालूम होतं का तुटन म्हणून?"

"मालूम नव्हतं त गाडीत बसला काहून नाही?"

अंकुश बशीतला चहा परत कपात ओतायला लागला.

"आणि डोळा लागला असन, हे पयले कोण बोललं? लोकं नाही बोलले. तू बोलला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात, माह्यासमोर, डॉक्टरले सांगतलं तू. बाबा शुद्धीवर आले नव्हते अजून."

"मी भेलो होतो," अंकुश म्हणाला. "वाटलं, बाबा घराबाहेर काढन."

"अन् मग पंधरा वर्सं भेतच होता? त्याह्यलेच जेवण वाढून राहिला, त्याह्यलेच अंघोळीले पाणी देऊन राहिला, अन् पानठेल्यावर लोकं झपकी डायवर म्हणून राहिले ते ऐकून राहिला. हसला असशीन तूही त्या लोकाहिसंग."

आता अंकुशही उठला. कोपऱ्यात सापडलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. "तुले तरी कुठं खरं वाटलं होतं बाबाचं? तू त फॅक्टरीत गाड्याच खोलत होती. एकडाव तरी खाली वाकून पाह्यलं का?"

थोबाडीत बसावी तशी ती जागच्या जागी उभी राहिली. खरं होतं ते. तिने पाहिलं नव्हतं. बाप म्हणत होता आणि तिने त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं होतं, "आराम करा बाबा." पण ते खरं होतं म्हणून राग उतरला नाही, उलट दुप्पट चढला. आता ती बोलली असती तर तोंडातून काय गेलं असतं कुणास ठाऊक. म्हणून ती वळली, आणि वळताना आधाराला तिने दारातल्या ट्रॉलीच्या दांड्यावर हात टेकवला.

हाताला चिकट लागलं.

तिने बोटं पाहिली. राखाडी, ओली पुट्टी. ट्रॉलीचा लोखंडी दांडा जिथे संपतो आणि ट्रॅक्टरला अडकवायची कडी जिथे जोडलेली असते, नेमकी त्या जोडावर थापलेली. अजून वाळलीही नव्हती.

"याच्यात काय भरलं?"

"कशात?"

"अंकुश, याच्यात काय भरलं?"

"लोखंडच भरलं ना, काय सोनं भरीन?" तो झटकन पुढे येऊन दांडा आणि ती यांच्यामध्ये उभा राहिला. "सेवकरामजीची ट्रॉली हाय. उद्या सकाळी रोवण्याले बाया न्याच्या हाय त्याले. कडी घासली होती, जोडून देली. हात नको लावू."

"खोल ते. माह्यासमोर खोल."

"येडी झाली का तू?"

तेवढ्यात सेवकराम ट्रॅक्टर घेऊन आलाच. गावात सगळ्यात मोठी धानाची शेती त्याची, माणूस बोलायला गोड. रत्नमालाने त्याला सरळ सांगितलं, हा जोड खोटा आहे, यावर माणसं बसवू नका. त्याने अंकुशकडे पाहिलं. अंकुशने कपाळाला हात लावून मान हलवली, जणू बहिणीचं डोकं फिरलंय, काय करू.

"बाई, तुमी फॅक्टरीत होत्या," सेवकराम हसून म्हणाला. "तिथं सरकारी कायदा. इथं असंच चालते. वीस वर्सं झाले, एक डाव कडी निसटली नाही." त्याने ट्रॉली अडकवली आणि नेली. ती रस्त्यावर उभी राहून ओरडत राहिली, ट्रॅक्टरच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी ती बापाकडे गेली. चिंधू अंकुशच्या अंगणात खाटेवर बसला होता, आखडलेला पाय समोर लांब केलेला. कसं सांगावं याचा विचार ती वाटेत करत आली होती, पण आल्यावर तिने खिळा त्याच्या हातावर ठेवला आणि सांगून टाकलं.

चिंधूने खिळा डोळ्यांजवळ नेला. नखाने निळा रंग खरवडला. तिला वाटलं, आता रडेल. तो रडला नाही.

"मले हात दे," म्हणाला.

तिने त्याला उठवलं. काठी टेकत तो घरामागे गेला, गाडीच्या डाव्या चाकाजवळ थांबला. खाली वाकता येत नव्हतं म्हणून त्याने तिला बॅटरी मारायला लावली आणि काठीच्या टोकाने ब्रॅकेट ठोकून पाहिला. बद्द आवाज आला. तशी त्याने काठी उचलली आणि बोनेटवर हाणली. पुन्हा हाणली. पत्रा वाजत होता, आजूबाजूच्या घरांतून माणसं डोकावत होती, आणि तो दात खाऊन हाणत होता. शेवटी काठी मोडली.

"मी सांगतलं होतं तुले," तो धापा टाकत म्हणाला. अंकुशला नाही, तिलाच. "सगळ्यात पयले तुले सांगतलं होतं. तुले गाडीतलं कळते म्हणून तुले सांगतलं. तू काय म्हटलं होतं मले?"

"आराम करा म्हटलं होतं."

"हो. आराम करा." तो थुंकला. "पंधरा वर्सं आराम केला मी. मलेच वाटाले लागलं होतं का झोपलो होतो म्हणून. सपनात झोपलेलो दिसाचो मी मले, स्टेरिंगवर मुंडकं ठेवून."

तिला माफी मागायची होती, पण त्या क्षणी ती त्याच्या पुढ्यात टाकणं म्हणजे भीक मागितल्यासारखं झालं असतं. चिंधू अंकुशच्या घरात परत गेला नाही. तिच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसला. सून ताट घेऊन आली, दारात बराच वेळ उभी राहिली. "बाबा, मले खरंच मालूम नव्हतं," म्हणाली. "तुले नाही बोलून राहिलो पोरी," तो म्हणाला, "पण त्या घरचं नको." ताट तसंच परत गेलं.

सकाळी रोवण्याच्या बाया नेहमीच्या चिंचेखाली जमल्या. डोक्याला फडकी, हातात डबे, पावसापासून बचावाला खताच्या पिशव्यांच्या खोळी. त्यांची म्होरकी सत्यभामा, रत्नमालाच्याच वस्तीतली, जिभेने तिखट. ट्रॅक्टर आला, बाया ट्रॉलीत चढल्या, ट्रॉली कडेपर्यंत भरली. सेवकरामने गिअर टाकला आणि समोर रत्नमाला उभी राहिली. एका हातात छन्नी, दुसऱ्या हातात हातोडी.

"बाजूले व्हा बाई," सेवकराम म्हणाला. आज आवाजात गोडवा नव्हता.

"बायाहिले उतरवा."

"धानाचे पऱ्हे उपटून ठेवले हाय बांधीत, वाळतील माहे! व्हा बाजूले!"

"सत्यभामा," रत्नमालाने हाक मारली, "खाली उतर. हा जोड खोटा हाय. चढणीवर निसटला त ट्रॉली मागं जाईन, तलावात."

सत्यभामाने वरूनच विचारलं, "तुले कसं मालूम?"

"पाह्य ना तूच." ती ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या जागेत घुसली, सेवकराम शिव्या देत खाली उतरेपर्यंत तिने छन्नी जोडावर धरली आणि हातोडी मारली. काही झालं नाही. रात्रीतून पुट्टी दगडासारखी वाळली होती. दुसऱ्यांदा मारली, छन्नी निसटली आणि हातोडी तिच्याच अंगठ्यावर बसली. ट्रॉलीत कुणीतरी हसलं. सेवकरामने तिचा दंड धरला.

"हात सोड," ती अशा आवाजात म्हणाली की त्याने सोडला.

तोपर्यंत अंकुश पळत आला होता. बनियनवरच, तोंडाला दंतमंजन तसंच. "बाई, घरी चाल! लोकाहिसमोर तमाशा करून राहिली!"

तिने तिसऱ्यांदा मारली. या वेळी पुट्टीची आख्खी खपली उडाली. आत काळा, फुगलेला वेल्डिंगचा थर होता. तोही पुढच्या घावाला फुटला आणि आतून सळाखीचे तुकडे, जळक्या वेल्डिंगच्या काड्यांची बुडखी, एक वाकडा नट असं काय काय चिखलात पडलं. कडी दांड्याला एका बाजूने, करंगळीएवढ्या जागेत धरून होती. सगळ्यांना दिसत होतं.

कुणी हसलं नाही.

सत्यभामा सगळ्यात आधी उतरली. वाकून तिने तो नट उचलला, अंकुशच्या नाकासमोर धरला. "अरे मुडद्या, याच्यावर बसवून राहिला होता आमाले? माही सून हाय वरती, दोन महिन्याचं लेकरू घरी ठेवून आली ते!"

"काही झालं नसतं," अंकुश म्हणाला. "असं चालते सगळीकडं."

"बाबाच्या गाडीलेही असंच चाललं होतं," रत्नमाला म्हणाली. मोठ्याने म्हणाली, चिंचेखालच्या पानठेल्यावर बसलेल्यांनाही ऐकू जावं असं. "पंधरा वर्सांपूर्वी. ब्रॅकेटात खिळे भरले होते यानं. बाबा झोपले नव्हते. गाडी तुटली होती."

सत्यभामाने अंकुशकडे पाहिलं. "खरं हाय का रे?"

अंकुश इकडे तिकडे पाहायला लागला. पानठेल्यामागे चिंधू उभा होता, शेजाऱ्याची काठी उसनी घेऊन कधी आला होता कुणास ठाऊक. अंकुशने त्याला पाहिलं आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"हो!" तो ओरडला. "खरं हाय! भरले होते! झालं समाधान? आता फाशी द्या मले!" आणि तसाच वळून निघून गेला.

बाया एकेक करून उतरल्या. सेवकराम म्हणत होता, हळू चालवतो, चढणीवर उतरवतो, आजचा दिवस भागवा. सत्यभामा म्हणाली, "आमी पायी येतो. तुमची गाडी तुमाले लखलाभ." आणि डबे डोक्यावर घेऊन त्या चिखलातून निघाल्या. सेवकराम रत्नमालाकडे असा पाहत राहिला जणू तिनेच कडी मोडली होती.

पानठेल्यावरची माणसं चिंधूकडे पाहत नव्हती. कुणी सुपारी कातरत होतं, कुणी उगाच चपलेचा पट्टा सारखा करत होतं. चिंधू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आता काहून मुंडी खाली घातली?" तो म्हणाला. "विचारा ना. जागे हा का म्हणून विचारा."

कुणी विचारलं नाही. एकाने बाकावर जागा करून दिली. चिंधू बसला नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. सेवकरामने ट्रॉली पवनीला नेऊन नीट करवून घेतली, पण दोन दिवस रोवणा मागे पडला त्याचा दोष त्याने रत्नमालालाच दिला. अंकुशच्या दुकानाला कुलूप लागलं. तिसऱ्या दिवशी तो तिच्या दारात आला, दाढी वाढलेली. चिंधूने त्याला पाहून भिंतीकडे तोंड केलं.

"पोटावर पाय देला तू माह्या," अंकुश म्हणाला. "सख्ख्या बहिणीनं."

"अजून कुठं कुठं भरलं हे?"

"काय?"

"खिळे, सळाखी, नट. कोणाकोणाच्या ट्रॉलीत, कोणाच्या झोक्यात, कोणाच्या गेटात?"

"आता काय आठवते बाई सगळं?"

"आठव. अन् जा त्याह्यच्या घरी, सांग की बसू नका, आणून द्या, नवीन करून देतो."

"मारतील मले लोकं."

"मग मार खा!" ती उठून उभी राहिली. "तू मार खाल्ल्यानं मरणार नाही. ते मरतील."

तो निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी तो खरंच एका गावाला गेला. तिथल्या ट्रॅक्टरवाल्याने सगळ्यांसमोर त्याच्या कानफटात दोन ठेवून दिल्या, शर्ट फाडला. घरी येऊन तो दार लावून बसला आणि पुन्हा कुठे गेला नाही. त्याची बायको येऊन रत्नमालाला सांगून गेली, अड्याळकडच्या चारपाच ट्रॉल्या असाव्यात, कोणाच्या ते तिलाही नक्की माहीत नाही. सांगताना ती रडत होती. रत्नमालाने तिला पाणी दिलं. भावासाठी मात्र मनात काही हललं नाही. हलावं असं तिला वाटतही नव्हतं.

ट्रकचा ब्रॅकेट तसाच होता. नागपूरच्या भंगार बाजारात तसा एक मिळेल असं तिला फॅक्टरीतल्या जुन्या सोबत्याने फोनवर सांगितलं होतं. ती जायला निघाली तर चिंधूने अडवलं.

"गाडी पंधरा वर्सं उभी हाय. अजून उभी राहीन," तो म्हणाला. "पयले त्या ट्रॉल्या पाह्य."

म्हणून बाजाराच्या दिवशी रत्नमाला मोपेडवर बसून अड्याळला गेली. बाजाराच्या कडेला, आवाराच्या भिंतीला लागून ट्रॅक्टर ओळीने उभे होते, मागे ट्रॉल्या, ट्रॉल्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया, पोरं, भाजीची गाठोडी. तिने पिशवीतून हातोडी काढली आणि पहिल्या ट्रॉलीच्या दांड्यापाशी वाकली. जोडावर हळूच ठोकलं. स्वच्छ, घंटेसारखा आवाज आला. ती पुढच्या ट्रॉलीकडे वळली.

"ओ बाई! काय करून राहिल्या?" चहाच्या टपरीवरून एक माणूस ओरडत आला. "कोण हा तुमी? कोणी पाठवलं?"

"कोणी नाही पाठवलं," ती म्हणाली. "ही कडी कोणी जोडून देली तुमाले?"

"तुमाले काय कराचं? चोट्टी गिट्टी हाय का? ए, पकडा रे हिले!"

दोघंतिघं जमले. एकाने तिच्या हातातली हातोडी ओढायला पाहिली. तिने ती छातीशी धरली आणि रस्त्यावरच्या माणसांकडे वळून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडायला लागली, की पवनी रोडवरच्या अंकुशच्या दुकानातून ज्यांनी ज्यांनी जोड मारून घेतला असेल त्यांनी ट्रॉलीतून माणसं उतरवा, तो माझा भाऊ आहे, मी सांगते, उतरवा. लोक थांबले. काही हसले. मागे एका निळ्या ट्रॉलीवरचा पोरगा चटकन खाली उतरला, वाकून आपल्या कडीकडे पाहायला लागला आणि मग त्याने वर बसलेल्या आपल्या आईला हात दिला.

रत्नमाला त्या ट्रॉलीकडे निघाली.